वर्नाच्या वाटचं पाणी

कॉफी ओतून घ्या पोरांनो, आणि तो मोठा दिवा घालवा. गोष्ट हार्लन स्टाउटची. आपल्याच आगबंबाच्या कंपनीतला, आपल्यासारखाच बिनपगारी आग विझवणारा. त्यानं स्वतः मला सांगितली, म्हणून खरी.

जानेवारीतला दुसरा शुक्रवार. दुसऱ्या दिवशी कंपनीला शंभर वर्षं पुरी झाल्याचं जेवण होतं, त्यात तिचा इतिहास वाचला जाणार होता. हार्लन टँकर घेऊन शाळेमागच्या मैदानाकडे निघाला. दर हिवाळ्यात आपण तिथं पाणी सोडतो; रात्रीत गोठतं, सकाळी पोरं बर्फावर घसरायला मोकळी.

निघताना कर्टिस किस्लरनं टँकरच्या दारावर थाप मारली. "काका, उद्या टाय बांधून या हं! इतिहासात तुमचं नाव आहे. आईचं घर पेटलं तेव्हा सगळ्यांच्या आधी तुम्हीच पोचला होतात."

हार्लन कसनुसं हसला.

पोचला होता खरा. पण त्या वर्षी, आगीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं हेच मैदान भिजवलं होतं, आणि थंडीला कंटाळून ओढ्यावर टाकी भरायला न जाता सरळ घर गाठलं होतं. पहाटे भोंगा झाला. वर्ना किस्लरच्या दारात त्यानं नळ फिरवला, तर पाण्याचा टिपूस नाही. दुसरा टँकर येईपर्यंत छप्पर खाली आलं. वर्ना आतच होती.

"पंप गोठला," हार्लन म्हणाला. थंडीच तशी होती, सगळ्यांना पटलं. इतिहासातही तेच लिहिलं गेलं. भेकड माणूस नव्हता हो तो, पण एवढं एक वाक्य त्याला परत घेता आलं नाही. कर्टिसनं 'काका' म्हटलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर, मैदानावर त्यानं पाणी सोडलं. टॉर्च फिरवला.

मधोमध कुणीतरी उभं होतं.

"ए! बाजूला हो, भिजशील!"



झोपायचा झगा. अनवाणी. केस... अर्धेच.

"वर्ना...?"

ती ओरडली नाही. शेजारीण वाटीभर साखर मागते ना, तशी म्हणाली, "हार्लन, थोडं घराला ठेवशील?"

त्यानं नळ बंद केला. पुन्हा टॉर्च...

कुणी नाही.

तो तडक ओढ्यावर गेला. टाकी काठोकाठ भरली. तिथून कर्टिसच्या दारात. त्याला झोपेतून उठवलं आणि उंबऱ्यावरच सगळं ओकून टाकलं.

"पंप धडधाकट होता रे. टाकी रिकामी होती. मीच भरली नव्हती."

कर्टिसनं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. एवढंच म्हणाला, "कुठे उभी होती?"

उजाडताना दोघं मैदानावर आले. पाण्याचा पार दगड झाला होता. मधोमध तेवढी दोन अनवाणी पावलं, बोटं टँकर उभा होता त्या बाजूला. पावलांत पाणी. न गोठलेलं.

कर्टिस गुडघ्यांवर बसला. हातमोजा काढला. बोटं बुडवली...

"कोमट आहे," तो म्हणाला. आणि हात काही बाहेर काढेना.