टाकीतून आलेले दोन ठोके

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर रात्र घातली असती, कुत्री भुंकवली असती. ही घडली भर दुपारी, सुट्टीच्या दिवशी, बंद कारखान्यात. माझ्या थोरल्या काकांच्या बाबतीत.

काकांना थाप मारता येत नाही. तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्यांना, असं काकू म्हणते.

काका रंगाच्या एका कारखान्यात हवा शुद्ध करायच्या यंत्रावर होते. मागच्या अंगाला दोन उंच लोखंडी टाक्या, आत कोळशाचे काळे दाणे. थिनरची विषारी हवा त्यातून गेली की दाणे ते विष धरून ठेवायचे. एक टाकी भरली की हवा दुसरीत वळवायची आणि पहिलीला गरम वाफ द्यायची. धरलेलं सगळं सुटायचं, दाणे पुन्हा कामाला तयार.

वर्षानुवर्षं तेच दाणे.

अधूनमधून टाकी थंड करून फिटर वरच्या झाकणातून आत उतरायचा, दाणे सारखे करायला. तोंडावर मास्क, आत काळी धूळ. बोललेलं कळायचं नाही की काही दिसायचं नाही. म्हणून नियम होता. बाहेरच्याने दर पाच मिनिटांनी पान्याने टाकीवर एक ठोका द्यायचा. आतल्याने दोन ठोके देऊन उत्तर द्यायचं.

दोन ठोके म्हणजे, मी ठीक आहे.

उत्तर आलं नाही तर कमरेचा दोर कप्पीवरून ओढायचा.

टाक्या नव्या होत्या तेव्हा पहिल्यांदा दोन नंबरच्या टाकीत उतरला पैलवान. हाडं मोजून घ्यावीत असा माणूस, म्हणून थट्टेने हे नाव. गुडघे दुखायचे, सदा बामाचा वास. काकांचा जिवाभावाचा मित्र. बाहेर काकाच होते.

ठोका. दोन ठोके.

ठोका. दोन ठोके.

चाळीस मिनिटं अशीच गेली. मग काकांनी बाहेर ये म्हणून दोर हलवला... कोणी हललं नाही. बॅटरी मारली तर पैलवान दाण्यांत पालथा पडला होता.

ओले दाणे बंद टाकीतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. डॉक्टर म्हणाले, तो पहिल्या पाच मिनिटांतच गेला असणार.

मग पस्तीस मिनिटं उत्तर कोण देत होतं?

चौकशीत साहेबांनी सरळ विचारलं, "कुठे गेला होतात तुम्ही?"

"जागचा हललो नाही साहेब. प्रत्येक वेळी उत्तर आलं."

कोणाचाच विश्वास बसला नाही. पैलवानाची बायको काका दिसले की रस्ता बदलायची. तेच काकांना फार लागलं. बोलून बोलून त्यांनी बोलणंच सोडलं.

दाणे बदलले नाहीत. वाफ दिली की नवे होतात, असं वरून सांगण्यात आलं.

तीन वर्षांनी तीच टाकी पुन्हा उघडली. यावेळचा फिटर होता काकांचा जावई. लग्नाला सहा महिने झाले होते.

काका अडून बसले, "बाहेर मीच थांबणार." सुपरवायझरने झाकणाशी मीटर धरला. ऑक्सिजन बरोबर आला.

"मीटर खाली सोडा साहेब, तळापर्यंत," काका म्हणाले.

"काका, जेवायला घरी पोचायचंय मला," असं म्हणून सुपरवायझर निघूनसुद्धा गेला.

काकांनी जावयाला थांबवायला पाहिलं. तो हसला. "बाबा, तुमची लेक मला घरी जेवढं घाबरवते, तेवढं ही टाकी काय घाबरवणार!"

तो उतरला.

आणि झाकणातून वास आला...

बामाचा.

तीन वर्षं वाफ दिलेल्या दाण्यांतून.

 काकांनी लगेच ठोका दिला.

दोन ठोके.

जीव भांड्यात पडला. पण पाच मिनिटं काही त्यांना थांबवेना, मिनिटभरातच पुन्हा. ठोका.

दोन ठोके. स्वच्छ, एका लयीत.

तिसऱ्यांदा काकांनी पाना उचलला.  पाना अजून हवेतच होता, टाकीला लागलाही नव्हता...

आतून दोन ठोके आले.

काकांनी पाना टाकला आणि दोर धरला. साठीचा माणूस, पण एकट्याने जावयाला वर ओढलं. हातांची सालटी निघाली. जावई निळा पडला होता. मास्क काढून तोंडाने श्वास दिला, छाती दाबली. बऱ्याच वेळाने तो खोकला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने काकांचा हात धरला.

"बाबा, मी एकदाही ठोकलं नाही. खाली पोचलो आणि पाय गेले. हात उचलवेना. तुमचा ठोका ऐकू येत होता. आणि माझ्या डोक्याशी कोणीतरी..."

"कोण?"

"दिसलं नाही. ते माझ्या वतीने सांगत होतं, मी ठीक आहे म्हणून. मला ओरडायचं होतं, बाबा, ऐकू नका..."

काका रडले. जावई वाचला म्हणून, आणि तीन वर्षांनी आपण खोटे नव्हतो हे सिद्ध झालं म्हणूनही.

दुसऱ्याच दिवशी ते पैलवानाच्या घरी गेले. सगळं सांगितलं. दोन ठोके, बामाचा वास, सगळं. त्याच्या बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला तुमचं पटलं, भाऊजी."

काका उठले. दारापर्यंत आले.

"पण भाऊजी, आता आत हे आहेत असं म्हणू. मग हे उतरले तेव्हा आत कोण होतं?"

तेव्हाची ती नवीकोरी टाकी. तिच्यात आधी कोणी उतरलंच नव्हतं.

काकांनी नोकरी सोडली. टाक्या चालू आहेत. काका आता कोणाच्याही दारावर ठोकत नाहीत. बाहेरूनच हाक मारतात आणि आतून माणसाचा आवाज येईपर्यंत तिथेच उभे राहतात.