दुर्गेश्वरी दीदीच्या पुढे धावणारा

आधीच सांगून टाकते, ही कोणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. मी तिथे होते. वेळा मी माझ्या हाताने वहीत लिहिल्या आहेत आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. ज्याला खोटं वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं.

आणि अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. रविवार, १६ नोव्हेंबर २०२५. सकाळचे साडेसहा.

गोंदिया जिल्हा, गोरेगाव तालुका. गावाचं खरं नाव देत नाही, कुकडीटोला म्हणू. वीसेक घरांचा टोला, म्हणजे वस्ती. मागे जंगल, जंगलात एक टेकडी, टेकडीच्या पायथ्याशी जुना मालगुजारी तलाव.

मी आचल पटले, अकरावी सायन्स. दुर्गेश्वरी दीदी म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची, बाबांच्या थोरल्या भावाची, मुलगी. दीदी मॅरेथॉन धावते. हौस म्हणून नाही, खरीखुरी. बेचाळीस किलोमीटर, दोन तास एक्केचाळीस मिनिटं. आमच्या तालुक्यात तिचा फोटो लागलेली तीन दुकानं आहेत आणि त्यातलं एकही आमच्या नातेवाइकाचं नाही.

पण मागच्या वर्षी तिने ठरवलं की आता रस्ता बास, ट्रेलवर जायचं. म्हणजे जंगल, डोंगर, पायवाट. पन्नास किलोमीटर, ऐंशी किलोमीटर.

पहिल्याच ट्रेल रेसमध्ये तिची फजिती झाली. पुढच्या धावपटूने चुकीचं वळण घेतलं आणि दीदी डोळे झाकून त्याच्या मागे गेली. चार किलोमीटर. रेसवाले नंतर तिला "रोडवाली" म्हणायला लागले.

"सवयच तशी आहे ना," ती मला म्हणाली होती. "मॅरेथॉनमध्ये पेसर असते, ठरल्या वेगानं पुढं धावणारा. त्याच्या पाठीवर नजर चिकटवाची न् डोकं बंद करून टाकाचं. तीस किलोमीटर निघून जातात. ट्रेलवर आपलं डोकं आपल्यालेच चालवा लागते. ते मले अजून येत नाही."

डिसेंबरमध्ये सह्याद्रीत तिची ऐंशी किलोमीटरची रेस होती. तिथेही वाट चुकली असती तर ती धावणंच सोडणार होती. असं ती बोलली नाही, पण मला माहीत होतं.

म्हणून कुकडीटोला. टेकडीला वळसा घालून तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, परत, एक फेरी ६.४ किलोमीटरची. अशा आठ फेऱ्या. आणि तिची क्रू कोण? मी. पाणी, मीठ, केळी, चिक्की, वही, स्टॉपवॉच. मोहाच्या झाडाखाली माझं टेबल, म्हणजे उलटं ठेवलेलं घमेलं.

"झोपू नको मात्र," दीदी म्हणाली.

"तू थकू नको मात्र," मी म्हटलं.

पहिली फेरी, ४४ मिनिटं. पाणी प्यायली, अर्धं केळं खाल्लं, गेली.

दुसरी, ४३ मिनिटं. म्हणाली, "वरती धुकं आहे बहुत." गेली.

तिसरी...

३१ मिनिटं.

मी स्टॉपवॉच दोनदा बघितलं. त्या टेकडीवर दगड आहेत, चढ आहे. तिथे ३१ मिनिटांत कोणी येत नाही.

दीदी पाळीवरून येत होती. मी बाटली पुढे धरली.

ती थांबली नाही.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नजर सरळ समोर, कोणाच्या तरी पाठीच्या उंचीवर. समोर कोणी नव्हतं.

ती पुढे गेल्यावर मला कळलं की काहीतरी चुकतंय. पावलांचा आवाज... दीदीचे पाय पडायच्या आधी, जरा पुढे, आणखी दोन पाय पडत होते.

अगदी तिच्याच तालात.

मला वाटलं, पाळीचा घुमारा असेल. मी स्वतःला तसं सांगितलं आणि वहीत ३१ लिहिलं.

चौथी फेरी, २२ मिनिटं.

एवढ्या वेगाने तर दीदी डांबरी रस्त्यावरही धावत नाही. आणि ती काही जोरात धावत नव्हती. तोच ताल, तीच पावलं. फक्त ती... लवकर येत होती.

"दीदी, थांब ना. पाणी घे."

तिचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण मी तिला लहानपणापासून ओळखते, ओठांवरून मला कळलं.

थांबव.

मी तिच्या मागे धावले. मी आठशे मीटरला धापा टाकणारी मुलगी. पन्नास पावलांत ती धुक्यात गेली. फोन काढला, रेंज नाही. टोल्यात पळत जावं, तर ती येईल तेव्हा इथे कोण असणार?

पाचवी फेरी, १५ मिनिटं.

आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र तसाच, सपाट. पायातला नवा कोरा बूट पुढून उघडा पडला होता.

तेवढ्यात शेळ्या घेऊन चैतराम आबाजी आले. टोल्यातलेच, सत्तरीचे असतील. त्यांनी दीदीला जाताना बघितलं. काठीवर हात टेकून उभे राहिले.

"हे पोरगी कोनाच्या मागं धावून राहिली?"

"कोणाच्या नाही, आबाजी. एकटीच आहे."

"एकटा मानूस असा नाही धावत. तिची नजर पाह्यली का?"

मी दीदी गेली त्या दिशेला बघितलं.

"इचारलं नाही वाटते तिनं त्याले."

"कोणाला? काय विचारायचं?"

आबाजी खाली बसले. मला राग आला, अशा वेळी बसतात काय म्हणून. पण ते शांतपणे सांगत होते.

"आमी मोहफुलं येचाले जातो, तेंदूपत्त्याले जातो. वाटेत पुढं कोनाची पाठ दिसली का पह्यले इचारतो, कोन्या घरचा गा? त्यानं घर सांगतलं, त खुशाल मागं जायाचं. नाही सांगतलं, त तिथंच बसून बिडी पेटवाची. तो निंगून जाते. आमच्या इथं लेकरंबी इचारतात."

"मग मी विचारते."

"बाहीरून नाही चालत, बाई. जो मागं धावून राहिला त्यानंच इचारा लागते. न् तिच्यात आता इचाराचा दम नाही."

"मग काय होईल?"

आबाजींनी तलावाकडे बघितलं. "फेरी लहान होत जाते."

१५ नंतर १०. ती आली तेव्हा मी वहीत लिहिलंसुद्धा नाही. १० नंतर ६ होणार, मग ३... आणि शेवटी फेरीत मावायला जंगल उरणार नव्हतं. फक्त तलाव.

मला त्या क्षणी एकच सुचलं. दीदी कोणाच्या तरी पाठीमागे धावणारच आहे ना? मग ती पाठ माझी असू दे.

पुढच्या वेळी ती धुक्यातून निघताना दिसली तशी मी पाळीवर उभी राहिले. आधी ती दुसरी पावलं माझ्याजवळून गेली. वारा नाही, वास नाही, काही नाही. फक्त आवाज. तो गेला आणि दीदी यायच्या आत मी मध्ये शिरले.

आणि धावायला लागले.

खरं सांगू? ते खूप सोपं होतं.

हीच गोष्ट मी घरी कोणाला सांगितलेली नाही. धाप लागली नाही, पोटात दुखलं नाही. मी दीदीच्या वेगाने धावत होते आणि मला काहीच करावं लागत नव्हतं. पुढची पावलं पडायची, माझी आपोआप पडायची. विचारूच नये असं वाटत होतं. विचारायचं कायले? चाललंय की छान.

मग मागून दीदीचा हुंदका ऐकू आला.

मी तोंड उघडलं. आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला.

"कोन्या घरचा गा?"

पुढची पावलं थांबली.

माझी थांबली नाहीत. मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं... आणि कानाशी, अगदी जवळून, जेवायला बोलावतात तशा साध्या आवाजात उत्तर आलं.

"पटलेच्या."

माझा पाय घसरला. मी पाळीवरून खाली, शेताच्या बाजूला पडले आणि दीदी माझ्या अंगावर. कापलेल्या धानाची खुंटं हातापायांत घुसली. कोपर सोललं. कितीतरी वेळ आम्ही तशाच पडून होतो.

दीदीला बोलता यायला दहा मिनिटं लागली.

"तिसऱ्या फेरीले एक पाठ दिसली," ती म्हणाली. "पांढरी बनियन. मले वाटलं पोलीस भरतीवाला पोरगा असन. चांगला ताल होता त्याचा. म्हणून लागली मागं."

"आणि मग?"

"मंग सुटताच येईना. तू दर वेळी दिसायची, बाटली धरून. मी हात उचलायची, तर तू मागं गेलेली."

तिच्या घड्याळात प्रत्येक फेरी बरोबर ६.४ किलोमीटर होती. १० मिनिटांचीसुद्धा. पाच दिवसांपूर्वी घेतलेल्या बुटांचे तळवे आरपार गेले होते.

आबाजी पाळीवरून खाली वाकले. "काई बोलला का तो?"

दीदी माझ्याकडे बघत होती. रेसला अठ्ठावीस दिवस होते. मी हो म्हटलं असतं तर ती पुन्हा कधी धावली नसती.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही बोलला."

"मंग गेला तो," आबाजी म्हणाले आणि बिडी पेटवली.

दीदीने डिसेंबरची रेस पूर्ण केली. बायकांमध्ये तिसरी आली. पुढच्या दोघींनी अंधारात वाट सोडली तेव्हा ती एकटी थांबली, स्वतः खुणा शोधल्या आणि बरोबर वाटेने गेली. आता तिला कोणी रोडवाली म्हणत नाही. मला इतका आनंद झाला की मी टीव्हीच्या खोलीत नाचले.

एकदा आईला विचारलं, आपल्या घरात पूर्वी कोणी धावायचं का. आई भाजी निवडत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "तुले कोनं सांगतलं?" मी विषय बदलला. तिनेही पुढे काही विचारलं नाही.

आता माझं.

मी शाळेच्या संघात आहे. तीन हजार मीटर. हो, मीच, आठशेला धापा टाकणारी. सर म्हणतात, आचल, तुला पेसची जाण उपजतच आहे. सगळ्या मुली कौतुक करतात. मी हसून थँक्यू म्हणते.

ट्युशनला जाताना, शाळेच्या व्हरांड्यात, मैदानावर... माझ्या पायांच्या जरा आधी दोन पाय पडतात. मी हळू झाले की तेही हळू होतात.

आबाजींचा नियम मला पाठ आहे. उत्तर आलं नाही तर मागे जायचं नाही. पण त्याने घर सांगितलंय. आमचंच सांगितलंय. आता त्याला विचारायचं तरी काय?

परवा मैदानात सर शिट्टी वाजवून म्हणाले, "बास आचल, थांब आता."

मी आणखी एक फेरी मारली. सगळ्यांना वाटलं, काय मेहनती पोरगी आहे.

शेवटी थांबले. पण मी थांबायच्या आधी, जरा आधी, पुढची पावलं थांबली होती.

तो धावत असताना मला थांबता येतं का, हे मी अजून करून बघितलेलं नाही.