कढीपत्त्यावरची पाहुणी

"हलू नका," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "तुमच्या बाहीवर कुणीतरी बसलंय."

तनयाने पाहिलं. हिरवीगार, बोटभर अळी! मैत्रिणीसाठी घरच्या कुंडीतला कढीपत्ता घेऊन ती कर्वेनगरच्या कॉलेजच्या व्हरांड्यात पाऊस थांबायची वाट बघत उभी होती. बाईसाहेब त्यातूनच आल्या असणार. झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी तनया किंचाळणारच होती. पण त्या मुलाने अळीला इतक्या मायेने पानावर उतरवून घेतलं, की किंकाळी गळ्यातच राहिली.

"घाबरल्या नाहीत तुम्ही."

"छे. मला आवडतात किडे."

झालं. नारायण पेठेतली मुलगी एकदा बोलली की शब्द मागे कशाला घेईल?

तो उत्तरेश्वर, वाशीमचा. दोघंही कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाला, तुकड्या वेगळ्या. महिनाअखेरीस मुख्य विषयाच्या जोडीला एक मायनर विषय निवडायचा होता. आयटीत कामाला येईल म्हणून सगळा वर्ग संख्याशास्त्राकडे धावत होता. हा पठ्ठ्या मात्र कीटकशास्त्र घेणार होता.

"प्रॅक्टिकलला जोडीदार लागतो," तो म्हणाला. "तुम्हाला आवडतात, तर... घ्याल?"

"आधी ते अहो-जाहो सोड. मग बघू."

दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातात बरणी ठेवली. आत तीच अळी. "तुमच्या... तुझ्या घरचीच आहे. तूच वाढव."

तनयाने सुरुवातीला सांडशीने पानं टाकली. मग हाताने. अळी चिडली की डोक्यातून लालसर शिंगं बाहेर काढायची. ते बघून तिला हसू फुटायला लागलं. बँकेतून निवृत्त झालेले बाबा रोज चहा पिताना विचारायचे, "पाहुण्यांचं जेवण झालं का? आमच्या आमटीला चार पानं उरली तर बघा."

संध्याकाळी उत्तरेश्वरचा फोन यायचा.

"आज ती काही खात नाहीये रे."

"काऊन?"

"म्हणजे?" 'काऊन' म्हणजे 'का', हे तिला केव्हाच कळलं होतं. पण त्याच्या तोंडून तो शब्द पुन्हा ऐकायला तिला फार आवडायचं.

मग अळीने काडीला स्वतःला बांधून घेतलं आणि कोष केला. विषय भरायची मुदत संपायला एकच दिवस उरला, तेव्हा मात्र तनयाला राहवेना. कँटीनमध्ये चहा समोर ठेवून ती म्हणाली, "मला किडे आवडत नाहीत. त्या दिवशी उगाच बोलले."

"माहीत आहे. अळी दिसताच तू डोळे घट्ट मिटले होतेस."

"मग बरणी का दिलीस?"

"तेवढंच बोलायला निमित्त..." तो कपाकडे बघत राहिला. "पण तीन वर्षं माझ्यासाठी किडे नको सांभाळू. संख्याशास्त्र घे, तनया."

त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला रडू येत होतं. विषय गेला तर बरणी जाणार, फोन जाणार... मग तो तरी कशाला राहील?

सकाळी बाबांनी हाक मारली. "पाहुण्या निघाल्यात. निरोप द्यायला या."

कोष फुटला होता. काळं, ओलसर फुलपाखरू काडीला लटकत होतं. तनयाने बोट पुढे केलं आणि ते थरथरत त्यावर चढलं. पंख वाळेपर्यंत ती जागची हलली नाही. मग ते खिडकीबाहेर गेलं. तिने मोबाईल उघडला, विषय भरला, आणि तशीच कॉलेजला धावली.

उत्तरेश्वर व्हरांड्यात उभा होता. तिने रिकामी बरणी त्याच्या हातात दिली.

"उडालं?"

"आधी माझ्या बोटावर बसलं होतं."

"आणि डोळे?"

"उघडे होते."

तो हसला. मग जरा चाचरत म्हणाला, "विषय... कोणता भरलास?"

"कीटकशास्त्र."

"माझ्यासाठी नको ना..."

"तुझ्यासाठी नाही घेतला. मला आवडला म्हणून घेतला." तिने एक श्वास घेतला. "आणि तूही मला आवडतोस. पण ते वेगळं. ते सांगायला आले."

वाशीमच्या त्या धीट पोराने बरणी छातीशी धरली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

तनया एक पाऊल जवळ गेली. "घाबरलास?" तिने हळूच विचारलं. "काऊन?"