हर्षितची पहिली भाकरी

प्राप्ती त्या हॉलमध्ये शिरली ती चुकून. टेलरचं दुकान पहिल्या मजल्यावर, आणि फोनवर बोलता बोलता ती पोचली दुसऱ्यावर. दार ढकललं तर समोर वीस-पंचवीस खुर्च्या, खुर्च्यांत बहुतेक चष्मे, आणि सगळे चष्मे एकदम तिच्याकडे वळलेले. डोंबिवलीत रविवारी सकाळी असे चर्चेचे कट्टे भरतात, जगाचं काय चुकतंय ते तिथे ठरतं, हे ती ऐकून होती. कट्टा चालवणाऱ्या कुंडलिक सरांनी तिला हातानेच खुर्ची दाखवली. आता परत फिरणं म्हणजे जास्तच लाज. ती बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत चुलत बहिणीच्या, समृद्धीच्या, हळदीच्या ब्लाउजचं पिवळंधमक कापड.

समोर एक मुलगा बोलत होता. विशीतला, निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला, आणि केस असे की... जाऊ दे. तर तो बोलत होता नेमका हळदीवर. मांडव, डीजे, जेवणावळी, लग्नाआधीचा हा खर्च म्हणजे समाजाने स्वतःवर लावून घेतलेला कर आहे, त्यातून काहीही निर्माण होत नाही, हाच पैसा शिक्षणात गेला असता तर, वगैरे वगैरे. मुद्दे तोंडपाठ. आवाज छान. प्राप्तीला दोन्हीचा राग आला, आणि रागात ती हसली.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?" त्याने विचारलं.

दोन वर्षांपूर्वीची प्राप्ती मान हलवून गप्प बसली असती. कोपर गावातली आगरी पोर ती, तोंड उघडलं की गावचा सूर बाहेर पडतो, म्हणून कॉलेजचं पहिलं वर्ष तिने शेवटच्या बाकावर काढलं होतं. मग दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला एकदा प्रश्न विचारला, आणि कोणी मेलं नाही. तेव्हापासून ती सुटलीच होती.

"तुम्ही हळदीला गेलाय कधी?"

"नाही."

"मग जेवायच्या आधीच बिल कसं काय सांगता?"

सगळे चष्मे हसले. मुलगाही हसला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत... आणि त्या लाल पाळ्याच तिला घरी गेल्यावर आठवत राहिल्या. ब्लाउज शिवायला टाकायचा राहून गेला.

पुढच्या रविवारी मात्र ती चुकून गेली नाही.

त्याचं नाव हर्षित. राहायला घोडबंदर रोडला, तेविसाव्या मजल्यावर, आणि ठाण्याच्या कॉलेजात तोही अर्थशास्त्राच्याच तिसऱ्या वर्षाला. कट्टा संपला की दोघं रस्त्याने भांडत निघायचे. दोन वडापावच्या गाड्या एकमेकींना चिकटूनच का उभ्या राहतात? शेअर रिक्षाच्या रांगेत पोलीस नसतानाही कोणी का घुसत नाही? प्राप्तीच्या आजोबांच्या मिठागरावर टॉवर झाला, तर त्याला कुठल्या तरी परदेशी बागेचं नाव का? हर्षितने कबूल केलं की शेजाऱ्यांची नावं त्याला फक्त दाराबाहेरच्या पार्सलांवरून माहीत आहेत. तिला त्याची एवढी दया आली की तिने स्वतःचा अर्धा वडापाव त्याला दिला.

एकदा उसाचा रस पिताना तिने विचारलं, "इथे यायला किती वेळ लागतो रे तुला?"

"ट्रॅफिक धरून दोन तास. जायला दोन."

"चार तास. त्यात तू काय काय केलं असतंस. अपॉर्च्युनिटी कॉस्ट मोजलीस?"

"मोजतो ना... दर रविवारी मोजतो." त्याने ग्लासात बघत म्हटलं. "मग निघतो."

प्राप्तीच्या ग्लासातला बर्फ विरघळून गेला तरी ती स्ट्रॉ फिरवतच बसली.

आणि त्याच धांदलीत तिने त्याला समृद्धीच्या हळदीचं आमंत्रण देऊन टाकलं. रात्री मात्र अंथरुणात ती हिशोब मांडू लागली. त्याला हळद आवडली नाही तर ठीक, वाद घालता येईल. पण तो हसला तर? काकीच्या बोलण्याला, चुलीच्या धुराला, आपल्या माणसांना? ज्याच्यापुढे स्वतःचं घर लपवावं लागेल, अशा मुलावर प्रेम कसं करायचं? प्रेम. शब्द मनात आला आणि तिने उशीत तोंड खुपसलं.

हळदीच्या दिवशी दुपारी चारला तो आला. इस्त्रीचा कुर्ता, हातात वही. मांडवामागे गावातल्या बायका रांगेने बसल्या होत्या, जिची तिची परात, जिचा तिचा तवा, आणि तांदळाच्या भाकऱ्यांची थप-थप, थप-थप अशी लय लागली होती की डीजे फिका पडावा. हर्षित बघत राहिला. मग तिथेच उकिडवा बसला, वही उघडली, आणि नवरीच्या आईला, सगुणाकाकीला, अगदी आदराने विचारता झाला,

"काकी, तासाला किती मिळतात तुम्हाला?"

थप-थप थांबली. एकदम सगळी.

प्राप्ती मांडवाच्या खांबाशी उभी होती, तिने खांबच घट्ट धरला. संपलं. आता काकी याला टोपलीखाली झाकणार.

"मजुरी इचारतंस?" काकी शेजारणीकडे बोट दाखवत म्हणाली. "बाला, हिचे पोरीचे हलदीला मी भाकऱ्या केल्या, आज ती आयली. उद्या तिचेकरं असंल तवा सगल्या तिकरं जाऊ. यान पैसं कुठशी आयलं?"

हर्षितने वहीकडे पाहिलं. प्राप्ती वाट बघत होती... एखादा भारी शब्द येईल, नाहीतर ते शहाणं, बारीक हसू. त्याने वही मिटली.

"हे मी मोजलंच नव्हतं," तो म्हणाला. "चुकलो, काकी. मला शिकवाल?"

सगळी रांग हसली, अशी मोकळी की प्राप्तीचा खांबावरचा हात केव्हा सुटला, तिला कळलंही नाही. काकीने पिठाचा गोळा त्याच्यापुढे सरकवला. त्याने बोटं भाजून घेतली, फुंकली, कुर्त्याला पुसली. भाकरी थापली ती अशी, की कुठल्या तरी देशाचा नकाशा असावा, आणि तोही युद्धानंतरचा. कोणाकडून आलास, असं एकीने विचारलं. त्याने सांगायच्या आधीच सगळ्या बायकांनी एकदम प्राप्तीकडे पाहिलं, आणि प्राप्ती मन लावून आंब्याच्या पानांचं तोरण बघू लागली.

"भाकरी केलीस," काकीने निकाल दिला, "म्हंजे आता तुजे हलदीला आमाला यावाच लागंल."

पिंपाशी ती त्याच्या हातांवर पाणी ओतत होती तेव्हा पलीकडे डीजेवाल्याने आवाज तपासला. पत्रे थरथरले.

"डीजेचं तुझं बरोबर होतं हां," ती म्हणाली. "ते पैसे वाया."

"आणि बाकीचं तुझं." त्याने हात झटकले. "प्राप्ती... एक अडचण आहे. काकी येणार म्हणाल्या, पण तेविसाव्या मजल्यावर चुली नाही लावता येत."

"मग?"

"मग माझी हळद... इथेच केली तर? म्हणजे – दोघांची एकाच मांडवात. बायकांना दोनदा भाकऱ्या नकोत. श्रमाची बचत..."

कानाच्या पाळ्या लाल. त्याच त्या.

तांब्यातलं उरलेलं सगळं पाणी त्याच्या बुटांवर गेलं. तिने रिकामा तांब्या पिंपावर ठेवला.

"आधी डिग्री," ती म्हणाली.

"हो."

"मग नोकरी. दोघांची."

"हो."

"तोवर भाकरी गोल यायला हवी."

"दर रविवारी यावं लागेल मग."

"येच."

त्याने रुमालात गुंडाळलेला तो युद्धानंतरचा नकाशा काढला, अर्धा मोडून तिला दिला. तिने खाल्ला.

"कशी झालीय?"

"कच्ची," प्राप्ती म्हणाली, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हात पुढे केला.