सात नंबरच्या कॅमेऱ्यातले कान

"हे बघ, अजून एक," वकील म्हणाला. "पुन्हा कानच."

तिघं संगणकासमोर दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर हिरवा पाला होता आणि फोटोच्या अगदी तळाशी हरणाचे दोन कान. हरीण नाही. नुसते कान. आधीच्या फोटोत नुसता पाला होता आणि त्याच्या आधीच्या चाळीस फोटोंतही पालाच.

वकील अकरा वर्षांचा होता. जेवायला बसला तरी ताटाच्या जागेवर हरकत घ्यायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. त्याची आठ वर्षांची बहीण दिवसभर त्याच्या मागे असे, म्हणून ती शेपूट. दोघं टिटवीच्या मामाची मुलं. सुट्टी लागल्याबरोबर मामाने त्यांना जंगलातल्या या केंद्रावर आणून सोडलं होतं. घर जरा बोलतं होईल, असं तो टिटवीच्या बाबांना म्हणाला होता. बाबा म्हणाले होते, बघू.

तिसरी ही टिटवी. वय तेरा. लहानपणी तिचं तोंड एक मिनिट बंद नसे, म्हणून आईने ते नाव ठेवलं होतं. सात महिन्यांपूर्वी आई गेली. तीन आठवड्यांचं आजारपण, बस. तेव्हापासून टिटवी विचारलं तेवढंच बोलायची, पण नाव बदलायचं कोणाला सुचलं नाही.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक पडवी आणि छपरावर सौर पॅनेल. मागे लगेच जंगल सुरू व्हायचं, बारा महिने ओलं आणि इतकं दाट की भर दुपारीही आत संध्याकाळ वाटावी. त्या जंगलात बारा झाडांवर बारा कॅमेरे बांधलेले होते. समोरून उबदार अंगाचं काही गेलं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो. दर महिन्याला आतलं कार्ड काढून आणायचं, फोटो बघायचे आणि वहीत लिहायचं: साळिंदर, रानडुक्कर, हरीण, जे असेल ते. हे काम आईचं होतं. आता ते तंत्रज्ञ काका करत. बाबा पंप, पॅनेल आणि वायरिंग बघत. जंगलात ते जात नसत.

सात नंबरचा कॅमेरा खाली ओढ्याकाठी होता. तिथे खवले मांजर राहतं, असं आईचं म्हणणं होतं. तीन वर्षांत तिला एकच पुरावा मिळाला, एका अंधुक फोटोतली शेपटी. ती घोरपडीची असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. आई हसली आणि दर महिन्याला ओढ्यावर जात राहिली.

शनिवारी मुख्य कार्यालयातून मॅडम येणार होत्या. सात नंबरवर सात महिने पाला आणि कान सोडून काहीच आलं नव्हतं. अहवालात "ओढ्याकाठी खवले मांजर नाही" असं लिहायचं, कॅमेरा काढायचा आणि ओढ्याचा भाग अभ्यासातून वगळायचा, असं ठरलं होतं. मसुदा टेबलावरच होता. टिटवीने तो वाचला होता. त्यातला "नाही" हा शब्द तिने तीनदा वाचला. तिला रडू आलं नाही, रागही आला नाही. फक्त तो शब्द तिथे राहू नये एवढंच तिला वाटत होतं. सात महिन्यांत तिला पहिल्यांदाच काहीतरी हवं होतं.

वकिलाचं म्हणणं असं, की कान आले म्हणजे हरीण आलं होतं आणि हरणाला खाली पाय असतात. मग पाय कुठे गेले? शेपटीने सुचवलं की हरीण खड्ड्यात उभं असेल. वकिलाने विचारलं, सात महिने?

"आधीचे फोटो बघू या," तो म्हणाला. "आत्या होती तेव्हाचे. तेव्हा पाय यायचे का, एवढंच बघायचं."

आधीचे फोटो आईच्या फोल्डरमध्ये होते. ते कोणीच उघडलं नव्हतं. वकिलाने माउसवरचा हात काढून घेतला. बोलल्यावर त्याच्या लक्षात आलं होतं.

टिटवीने माउस घेतला आणि फोल्डर उघडलं. हाताने ते केलं, ती नुसती बघत होती.

पहिलाच फोटो आईचा होता. ती चिखलात गुडघ्यांवर आणि हातांवर, पोट मातीला टेकेल इतकी वाकून रांगत होती, तोंड कॅमेऱ्यासमोर, दात विचकलेले. पुढच्या महिन्याचा पहिला फोटोही तसाच, फक्त या वेळी जीभ बाहेर. त्याच्या पुढच्या महिन्यात डोक्यावर दोन बोटांचे कान. दर महिन्याचं पहिलं चित्र हेच.

शेपूट खदाखदा हसली आणि मग भावाकडे बघून गप्प झाली.

"ही तपासणी आहे," टिटवी म्हणाली. आज सकाळपासूनचं हे तिचं पहिलं वाक्य होतं. "कॅमेरा बांधला की समोरून रांगत जायचं. लाल दिवा लुकलुकला तर कॅमेऱ्याला छोटं जनावर दिसतं. आई म्हणायची, जनावर बघायचं असेल तर आधी जनावराएवढं व्हायचं."

शेवटच्या फोटोत आईने डोक्याला रुमाल बांधला होता आणि ती नीट रांगत नव्हती, बसूनच होती. दात मात्र विचकले होते. टिटवीने तो फोटो बाकीच्यांएवढाच वेळ बघितला आणि पुढे गेली.

पुढच्या महिन्याचा पहिला फोटो तंत्रज्ञ काकांचा. त्यात काकांचं तोंड नव्हतं, पायही नव्हते. फोटोभर त्यांच्या पँटचा पट्टा होता आणि मधोमध पितळी बक्कल.

वकील खुर्चीतून उठलाच. "आईशप्पथ! कॅमेरा वर चढलाय. आत्याच्या वेळी गुडघ्याशी होता, आता कमरेच्या वर आहे. खालून हत्तीचं पिल्लू गेलं तरी त्याला कळणार नाही."

"हत्तीचं कळेल," शेपूट म्हणाली.

वकिलाने नोंदवही ओढली. सात नंबर, पट्टा कुजला, नवा बांधला. उंची: गुडघ्याएवढी. रांगून तपासणी: झाली. खाली काकांची सही. पुढच्या प्रत्येक महिन्यात तेच, त्याच अक्षरात.

सरळ बाबांकडे जावं, असं शेपटीला वाटत होतं. टिटवीला माहीत होतं की बाबा बघू म्हणतील. आणि काकांना तोंडावर विचारलं, तर मुलांनी कॅमेऱ्यांना हात लावायचा नाही हा नियम ते ऐकवतील. मग वकिलाने डोकं चालवलं. तो काकांकडे गेला आणि साळसूदपणे म्हणाला, शाळेने सुट्टीत कोणाचं तरी काम जवळून बघून लिहायला सांगितलंय आणि त्याला काकांवर लिहायचंय. काका खूश झाले. बुधवारी सकाळी कॅमेऱ्यांकडे नेतो म्हणाले. जळवा चढू नयेत म्हणून मोजे पँटवर ओढून घ्या, असंही बजावलं.

काकांच्या पाठीवर नेहमी एक घडीचं छोटं स्टूल असे. शेपटीचा त्यावर पहिल्या दिवसापासून डोळा होता, पण काका ते कोणाला देत नसत. वाटेवरच्या सहा आणि पाच नंबरच्या कॅमेऱ्यांपाशी त्यांनी स्टूल टाकलं, त्यावर टेकले आणि भराभर बॅटऱ्या बदलल्या. काम चोख होतं. वकील खरोखरच लिहून घेत होता.

ओढ्याचा उतार आला. तिथे उभं राहायचं तर मुळं धरावी लागत होती. काकांनी स्टूल वरच ठेवलं आणि ते आडवे पाय टाकत, प्रत्येक पावलाला ओठ दाबत, खाली उतरले. सात नंबर एका जाड खोडावर होता, शेपटीच्या डोक्याच्या उंचीवर. खाली, टिटवीच्या गुडघ्याशी, शेवाळात जुन्या पट्ट्याचा फिकट वळ अजून दिसत होता.

वकिलाने तपासणी दाखवायला सांगितलं. काका कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेले. लाल दिवा लुकलुकला.

"झालं," काका म्हणाले.

"वहीत रांगून लिहिलंय," वकील म्हणाला.

काकांनी चिखलाचं कारण काढलं. मग जळवांचं. तेवढ्यात शेपूट खाली बसली आणि रांगायला लागली. ती कॅमेऱ्यासमोरून गेली, वळली, परत आली. दिवा लागला नाही. तिने बेंबीच्या देठापासून डरकाळी फोडून पाहिली. तरी नाही.

ओढ्याचा आवाज येत होता.

टिटवीने काकांच्या गुडघ्यांकडे बघितलं. उजवा गुडघा कपड्यातूनही सुजलेला कळत होता. तिला वरचं स्टूल आठवलं.

"काका, तुम्हाला गुडघे टेकता येत नाहीत," ती म्हणाली. "म्हणून वर बांधलात."

काकांनी टोपी काढली आणि उगाच झटकली. मग हळूहळू सांगितलं. मोटरसायकलवरून पडले त्याला वर्ष झालं. टेकलं की उठता येत नाही. सपाटीवर स्टूल चालतं, इथे चालत नाही. आजारपणात ताई झोपून होत्या, पट्टा कुजला होता, कोणाला विचारायचं? पुढच्या महिन्यात खाली घेऊ म्हणाले आणि मग ते राहिलं ते राहिलंच. गुडघा गेलाय असं कळवलं तर नोकरी जाईल, अशी भीती होती. आणि तसंही ती घोरपडच होती, असं सगळे म्हणत होते.

"आई म्हणत नव्हती," टिटवी म्हणाली.

काकांनी मान खाली घातली. मग त्यांनी खिशातून पट्ट्याच्या कुलपाची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "नियम मी मोडलाय, तर अजून एक मोडतो. तू बांध. मी सांगतो तसं."

सांगायची गरज पडली नाही. टिटवीने जुन्या वळावर पट्टा बसवला, ताणला आणि खोड व कॅमेऱ्याच्या मधे एक काडी सरकवून तोंड किंचित खाली केलं, आई करायची तसं. शेपूट पुन्हा रांगली. दिवा लागला. मग टिटवी रांगली. चिखल गार होता. कॅमेऱ्यासमोर ती क्षणभर थांबली. दात विचकावे का, ते तिला ठरवता आलं नाही.

पुढे तीन दिवस वाट बघण्याचे. वकिलाने आल्यागेल्याशी पैजा लावल्या. शेपटीला काकांनी आपणहून स्टूल दिलं, तर दोन मिनिटं बसून ती म्हणाली की टोचतं. टिटवी मसुद्यातला तो शब्द रोज एकदा बघून यायची. तो तिथेच होता.

शनिवारी सकाळी चौघं जाऊन कार्ड घेऊन आली. अंगणात मॅडमची गाडी आधीच लागली होती. मॅडम चष्म्याच्या वरून बघणाऱ्या होत्या आणि त्यांच्या हातात पेन होतं. मुलं आत घुसलेली पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. बाबा दाराशी पकड घेऊन उभे होते.

कोणी काही बोलण्याआधी काकाच पुढे झाले. गुडघा, स्टूल, सात महिन्यांच्या खोट्या नोंदी, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. शेवटी म्हणाले, "पोरांनी पकडलं, मॅडम. आता कार्ड बघा आणि मग काय ते लिहा."

मॅडम खुर्चीत बसल्या. पहिल्या फोटोत शेपूट होती, डरकाळीच्या तयारीत. दुसऱ्यात टिटवी, तोंड मिटलेलं. दाराशी बाबांनी पकड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग उंदीर. रानकोंबडी. हरीण, या वेळी पायांसकट. वकिलाने ते चार पाय मोठ्याने मोजले.

एकसष्टाव्या फोटोत ओढ्याकाठी एक लांब, खवल्यांनी मढलेलं जनावर नाक जमिनीला लावून चाललं होतं. बासष्टाव्यात ते पूर्ण आलं होतं, आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी, पाठीवर पोट टेकून, एक फिकट इवलंसं पिल्लू घट्ट बसलं होतं.

"शेपटीवर शेपूट," शेपूट हळूच म्हणाली.

मॅडमनी फोटो मोठा करून पिल्लू पाहिलं. मग त्यांनी मसुदा ओढला, "नाही" वर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: आहे. पिल्लासह. ओढ्याचा अभ्यास पुढे चालू. काकांना त्यांनी खोट्या नोंदींबद्दल चांगलंच सुनावलं, पण नोकरीवरून काढलं नाही. ज्याला वाकता येत नाही त्याने तसं सांगावं, काम वाटून देता येतं, असं म्हणाल्या. मुलांना म्हणाल्या, मोठ्यांनी सात महिन्यांत जे बघितलं नाही ते तुम्ही कानांवरून ओळखलंत, तुमची नावं अहवालात जातील. वकिलाने लगेच नावांच्या क्रमावर हरकत घेतली.

"आता सात नंबरचं कार्ड दर महिन्याला कोण आणणार?" मॅडमनी विचारलं. "मुलांची सुट्टी संपेल."

सगळे काकांकडे बघत होते, म्हणून बाबांकडे कोणाचं लक्ष नव्हतं. ते दारातून पडद्यापाशी आले होते.

"मी," बाबा म्हणाले.

दुपारी ते कार्ड परत बसवायला निघाले. टिटवी सोबत गेली. उतारावर बाबांना मुळं कुठे आहेत ते ठाऊक नव्हतं. टिटवी पुढे होऊन दाखवत गेली. कार्ड बसलं, झाकण लागलं. बाबा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मग ते गुडघ्यांवर आले, हात चिखलात टेकले आणि रांगायला लागले. मोठा माणूस, पाठ उंच, मान वर. टिटवी खोडाशी उभी राहून बघत होती.

"बाबा," ती म्हणाली. "अजून खाली. ते इतकं उंच नसतं. आई पोट टेकायची."

बाबांनी पोट चिखलाला टेकलं. गालाला माती लागली. तसेच सरपटत ते कॅमेऱ्यासमोर आले, थांबले, आणि दात विचकले.

लाल दिवा लुकलुकला.