दवाखान्यामागची चूल

"...आन् ती बाई ज्या चुलीतला इस्तू मागती, त्या चुलीचं मानूस..."

दवाखान्यामागच्या नळावर दोन बाया कुजबुजत होत्या. घागर घेऊन येणारी रंगूबाई दिसली आणि दोघी गप्प झाल्या. रंगूबाईसमोर कुणी अर्धी गोष्ट टाकावी आणि तिनं ती तशीच सोडावी, असं तिच्या गावात तरी कधी झालं नव्हतं.

"मानूस काय हुतं गं?"

"काय न्हाई, आक्का. पानी भरा."

"आता ह्ये पानी मला गोड लागंल व्हय?"

पण बायांनी कळश्या उचलल्या नि वाट धरली.

रंगूबाई खरं तर मलकापूरच्या पलीकडनं दुपारपुरती कराडला आलेली. शेजारणीला, मनुबाईला, भाकरी द्यायची, चार गोष्टी विचारायच्या नि सांजच्या एस.टी.नं परत. मनुबाईचा नवरा लालासाहेब बांगलादेशच्या लढाईतनं धडधाकट आलेला गडी, पण मेंदूज्वरानं आडवा केला. मनुबाईचं तोंड बघितल्यावर रंगूबाईचा पाय काही निघेना.

लय आजारी माणसांची खोली वेगळी होती. तिथं डॉक्टर तोंडानं फारसं बोलत नसत. श्वास बघायचे, शुद्ध बघायचे, आणि ज्याचा भरवसा कमी त्याची खाट सिस्टरच्या टेबलाजवळ सरकवायचे. खाट सरकली की बाहेर काचेला नाक लावून बसलेल्यांना सगळं कळायचं. त्या दिवशी सकाळी लालासाहेबाची खाट टेबलाला अगदी चिकटवली होती. "आजची रात्र काढली तर बघू," एवढंच डॉक्टर म्हणाले.

मनुबाई काचेपासून हलत नव्हती. तिच्या पोटात काही जावं म्हणून रंगूबाई मागच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर पेज रटरटवत बसली. इतर नातेवाइकांच्याही चुली तिथंच होत्या, पण भेटीची वेळ झाली आणि सगळी आत गेली. दिवस कलला. फिनेलचा वास आणि शेणीचा धूर एकात एक मिसळून घशाशी बसत होता. नळाची टपटपही थांबली.

आणि मागनं कुणीतरी म्हणालं, "इस्तू हाय का गं, बाई?"

स्वच्छ लुगड्यातली एक बाई उभी होती. ना तरणी, ना म्हातारी. हातात शेणी. गावाकडं शेजारीण येते तशीच आली होती, आणि त्याचीच रंगूबाईला जास्त भीती वाटली.

"दिवं लागायच्या वक्ताला घरातला इस्तू देत न्हाईत," रंगूबाई कशीबशी बोलली.

"ह्ये घर हाय व्हय?"

नळावरचं ते अर्धं बोलणं रंगूबाईच्या कानात घुमू लागलं. आत काचेपलीकडं टेबलाजवळची खाट. मनुबाईचं कुंकू. तिनं पदर घट्ट आवळला.

"ही चूल माजी हाय. आत माजं कोन न्हाई."

बाईनं त्या खोलीच्या खिडकीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मंग रांधतीस कुनासाठी?"

"...शेजारनीसाठी."

"आस्सं." ती चुलीपाशी उकिडवी बसली. "चूल तुजी, मानूस तिचं. मंग निम्माच नेते."

तिनं शेणी कट्‌दिशी मोडली. एक अर्धुक जाळात धरलं, कड लाल झाली तशी उठली आणि भिंतीच्या कडेनं चालू लागली. हातातल्या शेणीचा धूर वर जात नव्हता. तिच्या मागोमाग जमिनीवरनं सरपटत चालला होता.

रंगूबाई बसल्या जागची हलली नाही. पेज करपली तरी तिला कळलं नाही.

सकाळी मनुबाई हसत-रडत धावत आली. "आक्का, डोळं उगाडलं! वळखलं मला!"

ताप उतरला होता. डॉक्टर हसले, "माझा अंदाज चुकला, बरं झालं." डाव्या अंगावरनं वारं मात्र गेलं होतं. या तापात तसं होतं, म्हणाले.

रंगूबाईच्या जिवात जीव आला. ती तडक नळावर गेली. कालच्या दोघींतली एक तिथं पाणी भरत होती. "काय गं, त्या चुलीचं मानूस मरतं म्हनत हुतीस न्हवं? आमचा बसंल की उठून दोन दिसांत!"

त्या बाईनं कळशी खाली ठेवली. "मरतं आसं कवा म्हनले, आक्का? संगं नेती म्हनत हुते."

रंगूबाई लालासाहेबाला बघायला आत गेली. त्याचा उजवा हात हातात घेतला, तो ऊबदार होता. मग डाव्याला हात लावला. वैशाखातल्या त्या उकाड्यात तो हात नदीच्या तळातल्या धोंड्यासारखा गार होता. बोटं वळली होती, कुणाचा तरी हात घट्ट धरल्यावानी. मधे मात्र काहीच नव्हतं. तिनं आपल्या बोटांनी ती सोडवायला पाहिली.

लालासाहेबानं डोळे उघडले. मनुबाईला ऐकू जाणार नाही इतकं हळू बोलला.

"वढू नगा, वयनी... तिकडनं ती बी वढतीया."