परतीच्या लगोऱ्या

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. घडलं तसं सांगते, आणि माझी नणंद नदीन साक्षीला आहे.

दिवस चौदा ऑक्टोबर, मंगळवार. वेळ दहाची. सकाळची. असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही वाटायचं.

लख्ख ऊन होतं.

आमचं गाव सांता रूफिना. ॲरिझोनाच्या वाळवंटात, डोंगराला चिकटलेलं. रस्ते कमी, पायऱ्या जास्त. तांब्याची खाण बंद पडल्यापासून गाव पाहुण्यांवर जगतं, आणि मी माहिती केंद्राच्या खिडकीत बसते. येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, सकाळी निघून संध्याकाळपर्यंत परतता येईल अशी चांगली वाट कुठली? मी नकाशा उलगडते आणि माझ्या आवडीच्या सहा वाटा सांगते. हजार पायऱ्या, क्रॉसचा सुळका, जुनिपरचं पठार... तोंड आपोआप चालतं.

सातवी मी सांगत नाही.

सातवी म्हणजे सोटोल घळ. एके काळी तीच माझी सगळ्यात लाडकी होती.

इथे खडकावर पायवाट उमटत नाही. म्हणून वाट दाखवायला लगोरीसारखे एकावर एक दगड रचतात. पण पाहुणे हौसेनं कुठेही लगोऱ्या रचतात, आणि मागून येणारे त्या बघत भलतीकडे जातात. एकदा एक बाप दोन मुलींना घेऊन अशाच खोट्या लगोऱ्यांमागे गेला आणि तिघांनी कड्यावर रात्र काढली. तेव्हा आमच्या वाटा सांभाळणाऱ्या मंडळात मीच नियम मांडला. ठरलेली वाट सोडून दिसेल ती लगोरी पाडायची.

माझा नवरा ड्वाइट यावर खूप हसला. तो आडवाटेचा माणूस. घळीत उतरताना लगोऱ्या रचायचा, परत येताना एकेक मोडत यायचा. वरचा दगड लांबट निवडायचा आणि त्याचं टोक नेहमी घराकडे करायचा.

"आता नाही रचणार, कोरीन," तो म्हणाला होता. "घरात पोलीस असल्यावर कोण गुन्हा करेल?"

मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. तो पहाटेच गेला. फ्रिजवर चिठ्ठी होती, 'सोटोल. तीनपर्यंत येतो.' त्या दिवशी त्या डोंगरधारेवरच्या वाटा तपासायची माझीच पाळी होती. दहाच्या सुमारास मी घळीच्या तोंडाशी पोचले, तर खाली उतरणाऱ्या सात लगोऱ्या दिसल्या. नव्या, नीट रचलेल्या. मी बुटानं एकेक पाडत गेले. सातवीवर लांबट दगड होता, टोक गावाकडे. ड्वाइटची नक्कल करतंय कुणीतरी, असं वाटलं. हसूही आलं.

मग तीही पाडली.

ड्वाइट चौथ्या दिवशी सापडला. घळीच्या चुकीच्या फाट्यात, कोरड्या धबधब्याखाली. बाटल्या रिकाम्या होत्या. सगळे म्हणाले, इतका जाणता माणूस, पण वाट चुकला. मी मान हलवली. कुणालाच काही सांगितलं नाही. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. दात काढताना डॉक्टर सुई देतात ना, तसं सगळं बधिर झालं आणि तसंच राहिलं.

आता चौदा ऑक्टोबर.

त्या दिवशी ड्वाइटला साठ वर्षं पूर्ण झाली असती. नदीन सकाळीच दारात उभी राहिली. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेले दोन बरिटो, खिशात एक मेणबत्ती. भावाचा वाढदिवस सोटोल घळीतच करायचा, असं तिनं परस्पर ठरवलं होतं. मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

"तुझे गुडघे खिडकीत बसून गंजलेत," ती म्हणाली. "चल. तीन वर्षं झाली, कोरीन. मला एकटीला जाववत नाही."

मी गेले. नाही म्हणायलासुद्धा काहीतरी वाटावं लागतं.

चढताना नदीन अखंड बोलत होती. लहानपणी ड्वाइट घरामागच्या ओढ्यात हरवला होता आणि तेव्हापासून दगड रचायला लागला, ते सांगत होती. मी ऐकत होते. झुडपांत एक चिमणा पक्षी सारखा शीळ घालत होता.

घळीचं तोंड आलं आणि शीळ थांबली...

माशाही घोंगावत नव्हत्या. वारा पडला होता. नदीनही बोलायची थांबली. का, ते तिला विचारलं तर आजही सांगता येत नाही.

मग खालून आवाज आला.

टक्...

दगडावर दगड ठेवल्याचा. हळू, जपून ठेवल्याचा.

आम्ही वाकून पाहिलं. खाली कुणीही नव्हतं. लपायला झाड नव्हतं की खडक नव्हता. पण आमच्यापासून पाच पावलांवर एक लगोरी होती. येताना दोघींनी तिथेच पाहिलं होतं, काही नव्हतं. वरच्या लांबट दगडाची मातीत रुतलेली ओलसर बाजू वर आली होती. या उन्हात ती पाच मिनिटांत सुकते.

टोक गावाकडे होतं.

नदीन हसायचा प्रयत्न करत म्हणाली की कुणीतरी चावटपणा करतंय. "पाड ती. तुझाच ना नियम?"

माझा पाय उचलला जाईना. तेव्हा तीच पुढे झाली, आणि मी तिचा दंड धरला.

"नदीन, त्या दिवशीही इथे लगोऱ्या होत्या. मी पाडल्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. "किती?"

"सात."

"सातही?"

"सातही."

नदीननं हात सोडवून घेतला. बरिटो खडकावर ठेवले. मेणबत्ती खिशातच राहिली. ती मला काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. बोलली असती तर बरं झालं असतं.

टक्...

या वेळी आवाज मागून आला. आम्ही चढून आलो होतो त्या वाटेवरून.

पहिल्या वळणावर एक लगोरी होती. पुढच्या वळणावर दुसरी. पाण्याच्या टाकीच्या वर तिसरी. चढताना यातली एकही नव्हती, ते नदीनही सांगेल. प्रत्येकीवर लांबट दगड, ओली बाजू वर, टोक गावाकडे. आम्ही एकीलाही हात लावला नाही. खाली येईपर्यंत नदीन माझ्या मागून चालली, दहा पावलं अंतर ठेवून.

घळीतली धरून चार झाल्या.

त्यानंतर ती माझ्या घरी आली नाही. रागावली आहे का, माहीत नाही. दर रविवारी फोन करते आणि एकच विचारते, "किती?"

नोव्हेंबरात पाचवी दिसली, टाकीच्या खाली, गावाच्या पहिल्या पायरीशी.

जानेवारीत ओहायोचं एक जोडपं खिडकीशी आलं. मी सांगितली नव्हती तरी ते सोटोल घळीत जाऊन आले होते. बाई खूश होती. म्हणाली, परतीच्या खुणा किती छान लावल्यात तुम्ही, शेवटची तर थेट एका हिरव्या दाराच्या पायऱ्यांखाली निघते. कुणी राहतं का तिथे?

मी राहते तिथे.

संध्याकाळी पाहिलं. सहावी होती.

मग दोन महिने काही झालं नाही. ना आवाज, ना दगड. मी दाराला कडी लावणं सोडलं. तो घरी येतोय की जाब विचारायला येतोय, मला कळत नव्हतं. कुठलंही चाललं असतं.

शेवटी सातवी मीच रचली. स्वतःच्या उंबऱ्यावर, गुडघे टेकून, स्वतःचा नियम मोडून. सात दगड. सर्वांत वर लांबट दगड ठेवला आणि त्याचं टोक दाराकडे केलं. पाडलेलं एक तरी परत द्यावं, एवढंच मनात होतं.

सकाळी दार उघडलं.

लगोरी जागेवर होती. एकही दगड पडलेला नव्हता. फक्त वरचा फिरवलेला होता...

टोक डोंगराकडे होतं.

मी ते परत घराकडे केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा डोंगराकडे. तिसऱ्या दिवसापासून मी हात लावत नाही. ढांग टाकून ओलांडते आणि खिडकीत जाऊन बसते. सहा वाटा सांगते.

रविवारी फोन आला.

"किती?" नदीननं विचारलं.

"सात."

मग पहिल्यांदाच तिचा आवाज जरा हलका झाला. "पोचला म्हणायचा. टोक कुठे आहे ग?"

मी दाराकडे पाहिलं.

"घराकडे," मी म्हटलं.